गुळाचा गणपती

यंदाच्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी आमच्या घरी मोठाच पेच पडला. जेवणे आटोपून लहानथोर पंधरा माणसे माजघरात जमली होती. पुतण्याने नवा दूरचित्रवाणीसंच आणला होता, आणि त्यावर सर्वांनी मिळून काय पाहावे याचा निर्णय काही केल्या होईना. मुलांनी सुचविलेले आम्हांस मानवेना, आणि आम्ही सुचविलेले ऐकताच मुले अंगणाकडे पाहू लागली. अखेर धाकट्या सूनबाईंनी तोड काढली. "मामंजी, 'गुळाचा गणपती' लावू का?"

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, यांनी उभ्या आयुष्यात पौराणिक कथा व संतचरित्रे यांखेरीज चित्रपट पाहिलेला नाही. हा वाक्प्रचार त्यांना ठाऊक नाही असे नव्हे. परंतु गणपती हा शब्द कानी पडताच त्यांनी पुढील विचार केला नाही. उपरणे सावरून, "लाव," म्हणून त्यांनी अनुज्ञा दिली. सूनबाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. खरे सांगावयाचे तर, आम्हीही केला नाही.

हा बोलपट १९५३ सालचा. कथा, पटकथा, संवाद, संगीत आणि दिग्दर्शन ही सर्व पु. ल. देशपांडे यांची, एवढ्याने भागले नाही म्हणून की काय, मुख्य भूमिकाही त्यांचीच. गणपतीही गुळाचा आणि नैवेद्यही त्याच गुळाचा, ही म्हण याहून यथार्थ क्वचितच झाली असेल. गीते तेवढी ग. दि. माडगूळकरांची. दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे त्या वेळी चौतिशीच्या आतबाहेरचे. नायक नाऱ्या हा साधाभोळा जीव. लोकांनी त्यास हवे तसे राबवावे, हवे तसे बनवावे, आणि त्याने आपल्या दिवास्वप्नांत पराक्रम गाजवावेत, असा सारा प्रकार आहे. पुलंचे नाव पुढे विनोदाशी असे काही निगडित झाले की, हे गृहस्थ मुळात पेटीवर बोटे फिरविणारे, सुरांत मुरलेले होते, याचा पुष्कळांस विसर पडतो. या चित्रपटात तो पडत नाही. येथे विनोद आणि गाणे एकाच घरातील दोन भावंडांसारखी नांदतात.

गाणे व हसणे यांची ही सोयरीक महाराष्ट्रास नवी नाही. देवलांचा फाल्गुनराव १८९३ साली प्रथम गद्यातच संशय घेत होता. १९१६ साली गंधर्व मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले आणि त्या संशयास पदांची जोड मिळाली. मात्र तेथे जो नट तोच गायक. बोलपट आले तेव्हाही प्रथम तीच रीत होती. १९३८ सालच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षीबाईंनी स्वतःच्या गळ्याने गाइले. त्या चित्रपटातील त्यांच्या पोहण्याच्या पोशाखाने केवढा गहजब माजला, हे आमचे वडील सांगत; स्वतः त्यांनी तो पाहिला नव्हता. गांधीजी सेवाग्रामी राहावयास येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि वर्ध्यात ब्रह्मचर्य हा हसण्याचा विषय नव्हता!

पुढे पार्श्वगायनाची रीत रुळली आणि रूप एकाचे, कंठ दुसऱ्याचा असे झाले. त्यामुळे नाऱ्याच्या या गमतीच्या गोष्टीत केवढे गळे येऊन बसले आहेत ते पाहावे. आशा भोसले आहेत. आमच्या वऱ्हाडातील मूर्तिजापूरचे, नागपुरास सप्रेगुरुजींपाशी शिकलेले वसंतराव देशपांडे आहेत. हे वसंतराव १९३५च्या 'कालियामर्दन'मध्ये बाळकृष्ण झाले होते, आणि मोठेपणी लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून गाणे सांभाळीत होते. आणि ज्यांनी त्याच १९५३ साली पुण्यात आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव आरंभिला, ते भीमसेन जोशी आहेत.

चित्रपट सुरू झाला. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. ही वर्गवारी आम्ही शाळेत तीस वर्षे शिकविली. घरात तिची प्रचीती त्या दिवशी आली. दादा प्रथम गणपतीची वाट पाहत गंभीर बसले होते. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. ते स्मित. थोड्या वेळाने दंतपंक्ती दिसली. ते हसित. मध्यंतरी केव्हातरी विहसित व उपहसित होऊन गेले असावे, कारण आम्ही पुन्हा पाहिले तेव्हा डोळ्यांतून पाणी आणि खांद्यांना गदगदा हिसके, असे भरतमुनींनी अधमांकरिता राखून ठेवलेले हास्य आमचे सत्त्याहत्तर वर्षांचे, त्रिकाळ संध्या करणारे बंधू हसत होते. मुले चित्रपट सोडून त्यांच्याकडेच पाहू लागली.

आणि मग 'इंद्रायणी काठी' सुरू झाले.

दादांनी चटकन हात जोडले. गाणे संपेपर्यंत जोडलेले हात तसेच होते. नंतर ते आमच्याकडे वळून म्हणाले, "अरे, हा अभंग यांनी येथे कसा घातला?" सूनबाई म्हणाल्या, "घातला नाही, मामंजी. यासाठीच लिहिलेला आहे. माडगूळकरांनी." दादांनी पुन्हा आम्हांस विचारले, "खरे का रे? तू तर नामदेवांचा म्हणून सांगत होतास."

आम्ही पान लावण्याच्या निमित्ताने उठलो.

ती हकीकत वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. १९९१ साली आम्ही सातवीच्या वर्गावर होतो. वय एकतीस, विद्या मॅट्रिक, परंतु घरच्या संस्कृताचा ताठा शास्त्र्याचा. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंग नामदेवांनी रचिले आहेत, हे खरेच आहे. तेवढ्या आधारावर 'इंद्रायणी काठी'ही नामदेवांचे, असे आम्ही वर्गात ठोकून दिले. मागील बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे सिनेमातलं आहे. रेडिओवर सांगतात." संतवाणीस सिनेमा म्हणतो, एवढ्या अपराधासाठी आम्ही त्यास तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे केले. सायंकाळी हा पराक्रम आम्ही घरी सांगितला. वहिनी निवडीत असलेल्या तांदळांवरून मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, मुलगा बरोबर बोलला." दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन आम्ही भूमितीच्या प्रमेयास आरंभ केला.

यंदा कार्तिकी एकादशीस पुतण्या आम्हांस घोराडला केजाजी महाराजांच्या दर्शनास घेऊन गेला. परतताना सेलूच्या बाजूच्या एका गावी भजन चालले होते म्हणून थांबलो. पेटीवर बसलेला गृहस्थ ओळखीचा वाटला. चाळिशी उलटलेली, कानांवर केस पांढरे. त्याने सूर धरला आणि मोठ्याने सांगितले, "आता संत नामदेव महाराजांचा अभंग." आणि 'इंद्रायणी काठी' गाऊ लागला. फार चांगला गाइला.

भजन संपल्यावर आम्ही त्यास बाजूला घेतले. तो पाया पडला. आम्ही म्हटले, "अरे, हे नामदेवांचे नव्हे." तो बुचकळ्यात पडला. "सर, तुमीच त सांगतलं होतं."

"ते चुकीचे सांगितले होते. तू म्हणालास तेच खरे होते. त्या दिवशी तुला बाहेर उभे केले, तेही चुकले."

तो बराच वेळ पेटीच्या भात्यावरून हात फिरवीत राहिला. मग म्हणाला, "चौतीस वर्सं झाले, सर. म्या पोराले बी तेच शिकवलं. आता लोकायले काय सांगू?"

"खरे ते सांग."

"मंग तेरसले या तुमी," तो म्हणाला.

कार्तिक वद्य त्रयोदशी हा माउलींच्या समाधीचा दिवस. आम्ही गेलो. दादाही हट्टाने आले. देवळाच्या सभामंडपात शंभरेक माणसे असतील. त्याने सूर धरला, घसा साफ केला आणि सांगितले, "गीत ग. दि. माडगूळकर, संगीत पु. ल. देशपांडे, मूळ गायक पंडित भीमसेन जोशी, चित्रपट गुळाचा गणपती." सभामंडपात चुळबुळ झाली. पहिल्या रांगेतील एक वृद्ध वारकरी टाळ खाली ठेवून म्हणाले, "माउलीच्या दिवशी सिनेमाचं गाणं? अन् कोणं सांगतलं हे?"

"सरायनं सांगतलं," तो म्हणाला आणि त्याने आमच्याकडे बोट केले. दादांनी कोपराने ढोसले. सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले, आणि त्या भरल्या सभामंडपात आम्हांस उभे राहावे लागले.