अण्णांची पांढरी पाच

आमच्या बिऱ्हाडात दोन वस्तू अशा आहेत, की त्यांना हात लावण्याची कुणाची प्राज्ञा नाही. एक आमच्या मंडळींचे मसाल्याचे कपाट, आणि दुसरा अण्णांचा स्टीरिओ रिसीव्हर. अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप, वय वर्षे 84. हा रिसीव्हर त्यांनी 1979 साली मस्कतहून सुट्टीवर येताना आणला, आणि तोही विमानात मांडीवर घेऊन, असे ते सांगतात. दहा-बारा किलोंचा तो ऐवज डोंबिवलीपर्यंत मांडीवर कसा राहिला असेल, हे मी विचारीत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नातीची दहावीची परीक्षा जवळ आली, तेव्हा अण्णांनी आपण होऊन लाउडस्पीकर बंद केले आणि हेडफोन डोक्याला चढवला. चार दिवसांनी म्हणाले, "अरे, हा घुमतोय. दोन गाण्यांच्या मधे कुणी तंबोरा छेडावा तसा. पांढरी पाच लागलीय. जरा चढीच आहे."

मी हेडफोन कानाला लावला. गाणे रंगात आले होते, डोक्यावर पंखा पाचावर फिरत होता. मला काहीच ऐकू आले नाही. मग लाउडस्पीकर लावून पाहिले, त्यातही काही नाही. मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या कानातच वाजत असेल."

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक आलेख काढून दाखवला. वयामुळे बारीक, उंच आवाज ऐकू येण्याचे कमी झाले आहे, खालचे आवाज मात्र छान ऐकू येतात, असे ते म्हणाले. वाचकहो, यातले पहिले अर्धे वाक्य आम्ही घरी आणले आणि दुसरे दवाखान्यातच विसरून आलो! त्यानंतर अण्णांनी घुमण्याची गोष्ट काढली, की आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत असू. अण्णांना उंच आवाज ऐकू येत नसले, तरी हे बघणे दिसत होते. श्रावणात त्यांनी बोलणे सोडले. भाद्रपदात माझ्या ध्यानात आले, की त्यांनी ऐकणेही सोडले आहे. हेडफोन खुंटीवर आणि अण्णा गॅलरीत. घरात कटकट नाही म्हणून मला ते बरेच वाटले होते, हे लिहिताना आज लाज वाटते.

दिवाळीची साफसफाई निघाली. पंखे पुसायला घेतले होते, म्हणून बंद होते. रिसीव्हरवरची धूळ झाडता झाडता कन्येने तो सुरू केला, हेडफोन चढवला आणि आवाजाचे बटण पार शून्यावर नेले. मग ओरडली, "बाबा, घुमतंय!"

मी ऐकले. घुमत होते. अगदी स्वच्छ, एकसुरी.

तिच्या फोनमध्ये आवाजाची कंपने मोजायची सोय आहे. तिने हेडफोनची वाटी फोनला टेकवली. आकडा आला 100. हार्मोनियमच्या पांढरी पाचचा खालच्या सप्तकातला स्वर 98 कंपनांचा असतो. म्हणजे पांढरी पाच, आणि जरा चढी. अण्णा गॅलरीतून आत आले, आकडा पाहिला आणि म्हणाले, "फेब्रुवारीत सांगितलं होतं." एवढेच. मला दहा वाक्ये बोलले असते तर परवडले असते.

हा 100चा आकडा फार बोलका असतो, हे मला नंतर कळले. आपली घरगुती वीज सेकंदाला 50 फेरे घेते. घुमणे 50चे असेल तर संशय बाहेरच्या तारांवर घ्यावा. टीव्हीचा डबा रिसीव्हरला जोडलेला असला, की दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून असा आवाज शिरतो. मी सगळ्या तारा काढून पाहिल्या, फरक नाही. आवाजाचे बटण शून्यावर असतानाही घुमणे तसेच, म्हणजे दोष बटणाच्या अलीकडे, रेडिओच्या भागात नाही. उरला विजेचा पुरवठा.

ते असे असते. आमच्या सोसायटीत नगरपालिकेचे पाणी धारेने येते आणि जाते, पण नळाला ते सारखे लागते, कारण गच्चीवर टाकी आहे. रिसीव्हरमध्ये प्रत्येक फेऱ्याच्या दोन लाटा सरळ केल्या जातात, म्हणजे सेकंदाला 100 लाटा. त्या साठवून सारखी धार सोडणारी टाकी म्हणजे कंडेन्सर. त्याच्या आत ओलसर रसायन असते. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकते आणि टाकी लहान होते. मग लाटा थेट कानाशी येतात. लाउडस्पीकर खोलीच्या टोकाला असतो, पंख्याच्या आवाजात एवढेसे घुमणे बुडून जाते. हेडफोन कानाला चिकटलेला, त्यात काही लपत नाही.

आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने "भंगारात द्या, ब्लूटूथ घ्या" असा सल्ला दिला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी पेचकस घेऊन स्वतःच बसणार होतो, पण मंडळींनी दरडावून लॅमिंग्टन रोडला पिटाळले, ते बरे झाले. तिथले म्हातारे कारागीर मला म्हणाले, "साहेब, प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज राहते. बोट लावलं असतंत तर दिवाळी आधीच झाली असती." त्यांनी आधी रोधक लावून ती वीज उतरवली. मग लोणच्याच्या लहान बाटलीएवढे दोन जुने कंडेन्सर काढून तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि थोड्या जास्त व्होल्टचे नवे बसवले. धन-ऋण टोके दोनदा तपासून डाख दिला, कारण उलटे लागले तर ते फुटतात. पहिल्यांदा सुरू करताना जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा दिवा मालिकेत जोडला. आत काही चुकले असेल तर दिवा भगभगतो, आणि यंत्र वाचते. दिवा क्षणभर पेटून मंदावला. बटणांत औषधाचा फवारा मारून ती वीस-वीसदा फिरवली, तेव्हा त्यांची कुरकुरही गेली. सगळे मिळून खर्च आमच्या फराळाच्या तुपापेक्षा कमी आला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अण्णा अभ्यंगस्नान उरकून हेडफोन लावून बसले. मीडियम वेव्हवर सनई होती. मी चोरून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. थोड्या वेळाने कपाळाला आठी पडली.

"अरे, आता खरखर आहे."

माझ्या हाताला उटणे लागलेले होते. पण मी काही न बोलता तसाच पुढे झालो आणि हेडफोन मागून घेतला. खरखर होती. एफएमवर नव्हती, मीडियम वेव्हवरच होती. मी गॅलरीत गेलो. तिथे कन्येने आदल्या रात्री लावलेली दिव्यांची माळ लुकलुकत होती. असल्या स्वस्त माळेच्या डबीत विजेचे भराभर तुकडे होतात आणि ते जवळच्या रेडिओत शिरतात. मी माळेचा प्लग काढला.

"गेली का, अण्णा?"

"गेली."

आतून कन्या ओरडली, "बाबा, माळ का घालवलीत?"

"सनई संपू दे," मी म्हणालो, आणि आंघोळीला गेलो.