सोन्याचे कण आणि प्रकाशाचा घाव

रात्री पेटत्या बॅटरीवर बोटे धरून पाहा. त्यांच्या कडा लालबुंद दिसतात. निळा, हिरवा प्रकाश रक्तामांसात मुरून जातो. तांबडा तेवढा पार निघतो. तांबड्याच्या पलीकडेही एक प्रकाश आहे. तो डोळ्यांस दिसत नाही, परंतु मांसात अधिक खोल शिरतो. कर्करोगावरील एका नव्या उपायाचे मर्म येथेच आहे.

हा प्रकाश एकटा गाठीचे काही वाकडे करीत नाही. त्यास झेलणारे कोणी आत हवे. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक रोहित श्रीवास्तव व त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी स्निग्ध द्रव्याच्या पोकळ गोळ्या करून त्यांवर सोन्याचा मुलामा चढविला. केसाच्या जाडीत अशा शेकडो गोळ्या ओळीने मावतील. त्या गाठीत पोचवून लेसरचा किरण सोडला, की सोने तापते आणि लगतच्या पेशी भाजून मरतात. आसपास सोने नसल्याने तेथे तितकी धग लागत नाही. खारघरच्या टाटा संशोधन केंद्रासमवेत उंदरांवर केलेल्या या प्रयोगांचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. मला त्यातील एक गोष्ट विशेष मोलाची वाटते: काम संपल्यावर गोळी फुटून सोन्याचे बारीक कण शरीराबाहेर जाऊ शकतात. एरवी औषधाचेच ओझे यकृतास वाहावे लागावयाचे!

माणसांवरील अनुभव अद्याप थोडा आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात निघालेले सोन्याच्या कवचाचे कण पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर वापरून पाहण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात १६ रुग्णांपैकी १५ जणांवर उपचार यशस्वीपणे पार पडल्याचे नमूद आहे.

खोलवरच्या गाठीपर्यंत वरून प्रकाश पोचत नाही, ही मोठी अडचण. तोंडातील गाठ मात्र हाताशी असते, आणि निपाणीच्या तंबाखूचा हा मुलूख. आपल्याकडे पुरुष तंबाखू चघळतात, बाया मिसरी लावतात. म्हणून आपणांस या शोधाचे अगत्य. तथापि आज तोंडाच्या कर्करोगास शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हेच मार्ग आहेत. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, किंवा तीन आठवड्यांत न भरणारे व्रण झाले, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी ते पुष्कळदा दुखतच नाही.

आणि सोन्याचे नाव घेऊन कोणी भस्माची पुडी विकावयास आला, तर ती वस्तू ही नव्हे.