ॲपची परीक्षा बांधावर घ्या

शेतकरी, मजूर, अंगणवाडी सेविका यांच्या हातात जाणारं कोणतंही सरकारी ॲप आधी धरमतरच्या खाडीकाठी चालवून दाखवावं आणि मगच त्याचं बिल निघावं, अशी माझी मागणी आहे. परीक्षा कॅमेऱ्याची आणि जीपीएसची घ्यावी. पडदे देखणे आहेत की नाहीत, हे ऑफिसात बसूनही कळतं.

धरमतरच का, तेही सांगतो. वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की अंबा नदीच्या खाडीवरचा पूल येतो. जवळच डोलवीच्या पोलाद कारखान्याची जेट्टी आहे. कोळसा आणि लोहखनिज घेऊन बार्ज थेट खाडीतून आत येतात. आणि या अवाढव्य कारभाराच्या शेजारी, मातीच्या बांधांनी समुद्राला अडवून ठेवलेला खारेपाट आहे. उधाणाची भरती आली की बांधापलीकडचं पाणी अलीकडच्या भातापेक्षा उंच असतं. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात घुसतं आणि उभं पीक करपतं. दुरुस्ती रखडली तर दोन-चार वर्षांत त्या जमिनीवर खारफुटी उभी राहते. सातबारा मात्र शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. अशा ठिकाणी यंदा शेतात नेमकं काय होतं, याचा पुरावा फार मोलाचा असतो.

हा पुरावा आता फोनमधून तयार होतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारामधली पिकाची नोंद पूर्वी तलाठी करायचा, आता शेतकरी स्वतः ॲपमध्ये करतो आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढतो. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घातले. फोटो घेताना तुम्ही त्या बिंदूपासून लांब असाल, तर ॲप तसं सांगतं. आपल्या पिकाची नोंद करायचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती आला, हे मला मनापासून मोलाचं वाटतं. पीकविमा, नुकसानभरपाई, आधारभूत किमतीने भातखरेदी, सगळीकडे ही नोंद विचारतात. म्हणूनच अशा कामाच्या ॲपमध्ये ‘फोटो काढा’ या बटणामागे काय घडतं, याकडे लक्ष हवं.

अँड्रॉइड आणि आयफोन यांची भाषा वेगळी आहे. एकीकडे कोटलिन किंवा जावा, दुसरीकडे स्विफ्ट. तेच ॲप दोनदा लिहायचं म्हणजे दोन टीम आणि दुप्पट खर्च. शिवाय एकीकडे सुधारलेली चूक दुसरीकडे तशीच राहते. यावर उपाय म्हणून फोनगॅप नावाच्या साधनाच्या काळापासून एकच कोड दोन्हीकडे चालवायचे प्रयत्न सुरू झाले. फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुलं केलं, गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. फॉर्म, याद्या, बटणं एकदा लिहिली की झालं.

कॅमेरा, जीपीएस, ब्लूटूथ, बोटांच्या ठशांचा सेन्सर यांचं तसं नाही. त्यांच्याशी त्या त्या फोनच्या भाषेतच बोलावं लागतं. फ्लटरमध्ये त्यासाठी ‘प्लॅटफॉर्म चॅनल’ असतो. फ्लटरच्या डार्ट भाषेत लिहिलेला कोड या वाटेवरून एका ठरलेल्या नावाने हाक मारतो. पलीकडे कोटलिन किंवा स्विफ्टमधला तुकडा ती ऐकतो, काम करतो आणि उत्तर धाडतो. उत्तरं तीनच प्रकारची: झालं, चुकलं, किंवा हे काम मला येतच नाही. नावात एका अक्षराचा फरक पडला तर ॲप तयार होताना कुणी टोकत नाही, फोनवर बटण दाबल्यावरच ते उघड होतं. (पिजन नावाचं साधन दोन्ही बाजूंचा कोड एकाच आराखड्यातून बनवून देतं आणि हा धोका बराच टळतो. ते वापरण्याचा कंटाळा करू नये.) सगळ्यात वाईट म्हणजे उत्तरच न येणं. कॅमेरा उघडला, माणसाने फोटो न काढता मागे जायचं बटण दाबलं आणि पलीकडचा तुकडा त्याबद्दल काहीच बोलला नाही, तर अलीकडचा कोड वाट पाहत बसतो. पडद्यावर चक्र फिरत राहतं.

खारेपाटातल्या लोकांना ही रचना लगेच कळेल. मैलभर बांध नीट असून भागत नाही, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जायचं ते उघाडीतून, आणि भरतीला तिचीच दारं घट्ट मिटायला हवीत. उघाडी बिघडली की चांगल्या बांधाआतलं शेतही बुडतं. ॲपमधली ही जोडाची जागा तशीच आहे. पण ॲपच्या कामाचा हिशोब पडद्यांच्या संख्येवर होतो आणि कॅमेरा-जीपीएसचं काम ‘तयार प्लगइन टाकू’, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला जोडाचा कोड वापरू, एवढ्यावर निभावून नेलं जातं.

भाद्रपदात खाडीकाठच्या एका गावात एक काकी सर्वेक्षणाच्या एका ॲपमध्ये माहिती भरत होत्या. गट क्रमांक घातला, पीक निवडलं, क्षेत्र लिहिलं. पदराने पडद्यावरचे पावसाचे थेंब पुसत फोटो काढला. बरोबरची टिचकी मारली आणि ॲपचं पहिलं पान समोर आलं. भरलेलं सगळं गेलं. ‘दादा, फोटो तर काढला, मग गेला कुठं?’ त्यांनी मला विचारलं.

फोटो कुठे गेला, याचं उत्तर आहे. फोटोसाठी फोनचा कॅमेरा समोर आला की आपलं ॲप मागे जातं. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर कॅमेऱ्यालाच जागा पुरत नाही, मग अँड्रॉइड मागच्या ॲपचा गळा दाबतं. फोटो निघतो, पण तो घ्यायला पलीकडे कुणी उरलेलं नसतं. ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ही अँड्रॉइडची रीत आहे आणि ती लपवलेली नाही. फ्लटरच्या इमेज पिकर प्लगइनमध्ये ‘रिट्रिव्ह लॉस्ट डेटा’ नावाची सोय नेमकी याचसाठी दिली आहे: ॲप सुरू होताना विचारायचं, मागचा एखादा फोटो वाट पाहतोय का? शिवाय कॅमेरा उघडण्याआधी अर्धा भरलेला फॉर्म फोनमध्ये साठवून ठेवायचा. एका दुपारचं काम आहे. ते राहून जातं, कारण ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर आठ-बारा जीबीचा फोन असतो आणि त्यावर हा प्रसंग कधी येतच नाही.

जीपीएसचंही तेच. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगत असतो. नेटवर्क चांगलं असेल तर फोन ती माहिती इंटरनेटवरून उचलतो आणि क्षणात जागा सांगतो. बांधावर नेटवर्क नसेल तर ती आकाशातूनच ऐकावी लागते आणि वेळ लागतो. ॲपमध्ये दहा सेकंदांचीच मुदत असेल, तर उत्तर येण्याआधी कोड कंटाळतो. मग काही जण पळवाट काढतात. लोकेशनच्या प्लगइनमध्ये ‘आत्ताची जागा’ आणि ‘शेवटची माहीत असलेली जागा’ अशा दोन वेगळ्या मागण्या असतात. दुसरीचं उत्तर झटकन येतं म्हणून तीच वापरली जाते. ऑफिसात दोन्ही उत्तरं सारखीच असतात. खारेपाटात शेवटची माहीत असलेली जागा म्हणजे सकाळी निघालेलं घर, नाहीतर वडखळचा नाका. शेतकरी चिखलात उभा असतो आणि नोंदीत तो शेतापासून कोसभर लांब दिसतो. खोटं बोलल्याचा संशय त्याच्यावर येतो, हे मला सर्वात जास्त लागतं.

२०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ ने आणखी एक गोष्ट बदलली. ॲपने जागा विचारली की फोन माणसाला विचारतो, अचूक सांगू की अंदाजे? माणसाच्या खासगीपणासाठी हे योग्यच झालं. पण ‘अंदाजे’वर बोट पडलं तर मिळणारी जागा सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या टापूतली असते. तेवढ्यात इथल्या एखाद्या गावाची सगळी शेतं मावतील. एकच कोड दोन्हीकडे चालवणाऱ्याला हे वेगळं तपासावं लागतं, अँड्रॉइडवर एका तऱ्हेने, आयफोनवर दुसऱ्या. आणि परवानगी अंदाजेची मिळाली असेल तर तसं मराठीत, सरळ वाक्यात सांगावं लागतं: ‘शेताची नेमकी जागा कळत नाही, सेटिंगमध्ये अचूक लोकेशन चालू करा.’ त्याऐवजी प्लॅटफॉर्म एक्सेप्शन म्हणून इंग्रजी अक्षरांची ओळ जशीच्या तशी पडद्यावर आलेली मी पाहिली आहे.

पेण-रोह्याच्या डोंगरकडेच्या वाड्यांवर हाच प्रश्न मजुरीशी जोडला गेला. ज्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये देशाआधी केला, तिच्या देशभरच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर घेणं बंधनकारक झालं: दिवसातून दोन वेळा, जागेच्या नोंदीसह फोटो. फोटो चढला नाही तर राबूनही दिवस बुडाला. अंगणवाडी सेविकांनी तर ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलनच केलं. फोन निकृष्ट आणि ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार म्हणजे फुकट मिळालेला चाचणी-अहवाल होता. तो तसा वाचायला हवा होता.

यावर काही जाणकार म्हणतात, मग दोन्ही ॲप वेगवेगळी, थेट फोनच्या भाषेतच लिहा. मला ते पटत नाही. जनतेच्या पैशात एकाच कामासाठी दोनदा खर्च कशाला? आणि कॅमेऱ्यापाठोपाठ ॲप बंद पडण्याचा प्रकार कोटलिनमध्ये लिहिलेल्या ॲपलाही चुकत नाही. एकच कोड ठेवा, पण त्या टीममध्ये अँड्रॉइड आतून जाणणारा निदान एक माणूस पगारावर असू द्या. तयार प्लगइन उघडून आतला कोटलिन वाचू शकेल, प्लगइन लिहिणाऱ्याने मध्येच हात वर केले तर पुढे सांभाळू शकेल, असा. प्ले स्टोअर दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची अट वर सरकवत असतं. ज्याला जोडाची जागा ठाऊक नाही, त्याचं ॲप तिथेच उसवतं.

निविदेत लिहायचं ते असं. चाचणी दोन-तीन जीबी रॅमच्या, दोन-तीन वर्षं वापरलेल्या फोनवर होईल. नेटवर्क बंद ठेवून आणि पाऊस पडत असताना होईल. फोटो निघाल्यावर ॲप मुद्दाम बंद पाडलं जाईल आणि भरलेली माहिती परत यायला हवी. ‘अंदाजे’ लोकेशन देऊन पाहिलं जाईल. मागे जायचं बटण कॅमेऱ्यातून दाबलं जाईल. प्रत्येक अपयशाचा निरोप मराठीत असेल आणि पुढे काय करायचं ते सांगेल. साठवलेली नोंद घरी आल्यावर, नेटवर्क मिळाल्यावर, काढल्या वेळेच्या आणि काढल्या जागेच्या शिक्क्यानिशी वर जाईल.

ही चाचणी करणार कोण, असं एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं होतं. रायगडातच लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथे संगणक शिकणाऱ्या मुलामुलींत बांधावर वाढलेली मुलंही भेटतील. त्यांना घरचा जुना फोन आणायला सांगा, रोजचा भत्ता द्या, आणि भात पोटरीला आलेलं असताना आठ दिवस खारेपाटात पाठवा. त्यांनी सही केल्याशिवाय ॲप पुढे जाऊ नये. अहवाल मराठीत लिहावा आणि तो तालुक्याच्या फलकावर लावावा, म्हणजे ज्या काकींचा फोटो गेला त्यांनाही तो वाचता येईल.