माइल्स आणि दिवाळीची साखर

‘प्रिय सभासद, तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे!’ विमान कंपनीकडून असा मेल आला की मी आधी पर्स सांभाळते. कारण आनंदाची बातमी पहिल्या ओळीत असते आणि खरी बातमी चौथ्या परिच्छेदात. ‘आमची योजना अधिक सोपी, अधिक आकर्षक करत आहोत’ वगैरे गुळगुळीत भाषा. त्याचं साधं मराठी असं : तुमच्या खात्यातले पॉइंट्स तेवढेच राहतील, पण त्यात मिळणारं तिकीट जरा महाग होईल. कळावे, लोभ असावा!

त्यातला ‘सभासद’ हा शब्द मला जरा जास्तच झोंबतो. कारण मी नगरची. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच.) आमच्या जिल्ह्यात सभासद या शब्दाला वजन आहे. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. मग एकामागून एक कारखाने निघाले आणि गावागावांत सभासद झाले. सभासद म्हणजे शेअर असलेला माणूस. शेअर एक असो की दहा, मत एकच. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, त्याआधी हातात अहवाल, सभेत ऊसदरावरून दणदणीत आरडाओरडा आणि दिवाळीला सवलतीच्या दरात साखर. ती साखर दोन किलोंनी कमी केली, तरी चेअरमनना माइक हातात घेऊन उत्तर द्यावं लागतं, बरं का!

विमान कंपनीचे आपणही ‘सभासद’. पण मत नाही, सभा नाही, अहवाल नाही. आहे ती फक्त दिवाळीची साखर. आणि ती किती द्यायची, कधी द्यायची, द्यायची की नाही, हे ठरवणार एकटा कारखाना.

मैल गेले, रुपये आले

मुळात हा सगळा फंडा आला अमेरिकेतून. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं आपली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली. कल्पना सरळ होती. जितके मैल उडाल, तितके खात्यात जमा. पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. आपल्याकडे जेट एअरवेजच्या ‘जेटप्रिव्हिलेज’नं ही चटक लावली. दोन हजारच्या दशकात ऑफिसात नवीन लागलेल्या पोरांच्या बॅगेला लटकणारा तो टॅग आठवतोय? लॅपटॉपपेक्षा त्याचाच रुबाब जास्त!

त्या जुन्या पद्धतीत एक गंमत होती. मुंबई-दिल्ली अंतर सुमारे सातशे मैल. ते तुम्ही महिनाभर आधी स्वस्तात काढलेल्या तिकिटावर कापा, नाहीतर बॉसनं आदल्या दिवशी काढून दिलेल्या महागड्या तिकिटावर, मैल तेवढेच. अगदी स्वस्त तिकिटांना थोडी कात्री लागायची, पण अंतर हे अंतर होतं. त्यामुळे वर्षातून एकदाच, पण लांब जाणाऱ्या माणसाची चांदी व्हायची. मुलीच्या बाळंतपणासाठी नगरहून न्यूयॉर्कला निघालेले आई-बाबा! मुंबईपासून एका बाजूचे पावणेआठ हजार मैलांच्या आसपास. जाऊन-येऊन दोघांचे मिळून तीस हजारांवर.

आता हिशेब बदलला. डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकन कंपन्यांनी २०१५ मध्ये मैल मोजणं सोडून तिकिटाचे पैसे मोजायला सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजनं एप्रिल २०२५ पासून सिल्व्हर-गोल्डचा दर्जासुद्धा खर्चावर ठरवायला घेतला. आपल्याकडे टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली, २०२४ मध्ये तिची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना खर्चावर आधारित केली आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे सभासद ‘महाराजा क्लब’मध्ये आले. २००६ पासून पॉइंट्सच्या भानगडीत न पडता उडणाऱ्या इंडिगोनंही ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ जाहीर केली. तीही खर्चावरच. थोडक्यात, आता किती लांब गेलात याच्याशी मतलब नाही. किती मोजलेत ते बोला!

तिकीट कोणाचं, पॉइंट्स कोणाचे?

आता खरी मेख बघा. समजा एकाच विमानात मागे आई-बाबा बसलेत, प्रत्येकी एक लाखाच्या तिकिटावर. पुढे बिझनेस क्लासमध्ये एक साहेब आहेत, चार लाखांच्या तिकिटावर. नव्या हिशेबात साहेबांना आईच्या चौपट पॉइंट्स. शिवाय त्यांच्याकडे गोल्ड कार्ड असेल तर वर आणखी बोनस. बरं, साहेबांचे चार लाख भरले कोणी? ऑफिसनं. आईचे एक लाख भरले कोणी? बाबांच्या फंडातून आले.

म्हणजे स्वतःच्या खिशातून, जपून, स्वस्त दिवस शोधून तिकीट काढणारा माणूस नव्या पद्धतीत सगळ्यात कमी ‘निष्ठावान’ ठरतो. आणि दुसऱ्याच्या पैशानं, दर न बघता उडणारा सगळ्यात जास्त. मी यात कंपन्यांना शिव्या घालणार नाही. जो जास्त पैसे देतो त्याला धरून ठेवायचं, हा धंदा आहे. फक्त त्याला निष्ठा म्हणू नये, एवढंच.

आणि फुकट तिकीट घ्यायला गेलात की दुसरा चिमटा. पूर्वी कंपन्या तक्ते छापायच्या : अमुक ठिकाण, इतके मैल. आता बऱ्याच कंपन्यांत पॉइंट्समधली किंमतही मागणीनुसार वरखाली होते. मंगळवारच्या दुपारी स्वस्त, दिवाळीच्या आठवड्यात आणि मे महिन्यात आकाशाला भिडलेली. ज्यांना मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांतच जाता येतं, त्यांनी कधी उडायचं? मंगळवारी दुपारी?

तरीपण ऑफिसच्या खर्चानं उडणाऱ्यांनो, तुम्हीही फार कॉलर ताठ करू नका. ते गोल्ड कार्ड दरवर्षी नव्यानं कमवावं लागतं. प्रोजेक्ट संपला, नोकरी बदलली, बजेटला कात्री लागली की दोन वर्षांत तुम्ही पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत. कार्डावर नाव तुमचं असलं, तरी कार्ड नोकरीचं असतं.

वही कोणाकडे आहे?

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. पॉइंट्स म्हणजे पैसे नव्हेत. ती कंपनीनं छापलेली कुपनं आहेत, आणि कंपन्यांना या कुपनांच्या वहीची किंमत आपल्यापेक्षा कितीतरी चांगली कळते. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी असताना डेल्टानं २०२० मध्ये आपली माइल्सची योजना तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकन एअरलाइन्सनं २०२१ मध्ये तसेच १० अब्ज. विमानं रिकामी, पण वहीवर कर्ज मिळतंय! कारण बँका क्रेडिट कार्डवाल्यांना वाटायला हे माइल्स रोख मोजून विकत घेतात.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून बोलकं. जेट एअरवेजनं २०१४ मध्ये जेटप्रिव्हिलेजची वेगळी कंपनी केली आणि तिचा ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरला एतिहादला विकला. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं उड्डाण थांबलं. पण माइल्सची कंपनी जिवंत राहिली आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावानं पुढे आली. माइल्स उरले, विमानं उरली नाहीत! त्याआधी २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशर बंद पडली, तेव्हा ‘किंग क्लब’च्या पॉइंट्सवर उडायला विमानच राहिलं नाही.

आमच्याकडे कारखान्यानं ऊस नेला की १४ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. ते वेळेवर मिळतात का, हा वेगळा लेख होईल. पण निदान मागता तरी येतात. पॉइंट्सचा भाव का घसरला, हे विचारायला कोणतं ऑफिस गाठणार?

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राची गोष्ट सांगते. तो श्रीरामपूरकडचा. तीन वर्षं दर सोमवारी पहाटे चारला उठून विमान पकडायचा आणि गुरुवारी रात्री घरी यायचा. मुलगी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा हा बंगळूरच्या हॉटेलात. त्याचं एकच म्हणणं, ‘माइल्स साठवतोय. आई-वडिलांना एकदा मस्तपैकी युरोप दाखवायचाय.’ दोन तिकिटांपुरते माइल्स दुसऱ्या वर्षीच झाले होते. पण त्याला चांगल्या सीटवर न्यायचं होतं, म्हणून थांबला. मग मेल आला, ‘प्रिय सभासद’. एका रात्रीत तीच तिकिटं जवळजवळ दीडपट महाग. तो पुन्हा साठवायला लागला. पुरेसे जमले तोवर वडिलांचे गुडघे गेले होते. शेवटी आई एकटीच जाऊन आली, आणि परत आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘यांनी बघायला हवं होतं.’ माइल्स पुन्हा कमावता येतात हो. वडिलांचे गुडघे कुठून आणायचे?

नगरचं गणित

निष्ठा ठेवायला आधी निवड लागते, आणि ती महानगराबाहेर असतेच असं नाही. १ ऑक्टोबर २०१७ ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. म्हणायला शिर्डी, प्रत्यक्षात कोपरगाव तालुक्यातलं काकडी गाव. कौतुक सगळ्यांनाच वाटलं. पण छोट्या विमानतळावर कंपनी आपण निवडत नाही, वेळापत्रक निवडतं. दर्शनाला सहकुटुंब येणारा हैदराबादचा भाविक जे विमान आहे त्यात बसतो. त्याला वर्षातून एकदा मिळणाऱ्या पॉइंट्समध्ये पुढचं तिकीट यायला किती वर्षं लागतील, ते बाबाच जाणोत.

नगर शहरातल्या माणसाचं गणित तर आणखी मजेशीर. काकडी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पुणे एकशेवीसच्या आसपास, छत्रपती संभाजीनगरही साधारण तेवढंच. ‘आपल्या’ कंपनीचं विमान पुण्याहून आहे म्हणून पहाटे दोनला टॅक्सी करायची, तर टॅक्सीचं भाडंच पॉइंट्सच्या डोक्यावर बसतं. अशा वेळी निष्ठा ठेवायची ती टॅक्सीवाल्या काकांशी!

मग करायचं काय?

पहिलं, आपल्या एका पॉइंटची किंमत काढा. समजा एक तिकीट रोख ६,००० रुपयांना आहे. तेच १२,००० पॉइंट्स आणि वर १,२०० रुपये टॅक्स भरून मिळतंय. म्हणजे ४,८०० भागिले १२,०००. एक पॉइंट झाला ४० पैशांचा. आता ‘आपल्या’ कंपनीचं तिकीट दुसरीपेक्षा हजार रुपयांनी महाग आहे, ५,००० रुपये, आणि शंभर रुपयांना सहा पॉइंट्स मिळतात असं धरा. हाती आले ३०० पॉइंट्स, म्हणजे १२० रुपये. एकशेवीस मिळवायला हजार घालवायचे? आजी असती तर कान पकडला असता.

दुसरं, वर्षातून दोन-चारदा स्वतःच्या पैशानं उडत असाल तर निष्ठा विसरा. वेळ आणि दर बघा आणि बिनधास्त बसा. खाती सगळीकडे फुकट उघडून ठेवा, मिळतंय ते घ्या, पण त्याच्यामागे धावू नका.

तिसरं, ऑफिसच्या तिकिटांवर उडत असाल तर मात्र एकाच कंपनीवर भर द्या, म्हणजे दर्जा पटकन मिळेल. आणि मिळाला की वापरा. जादा बॅग, लाउंज, पुढची सीट... जे असेल ते, असेल तोवर.

चौथं, ओरडा. हसू नका, चालतं! डेल्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये दर्जा आणि लाउंजचे नियम एकदम कडक केले. लोकांनी एवढा गोंधळ घातला की आपण जरा जास्तच केलं, हे खुद्द सीईओ एड बॅस्टियन यांना कबूल करावं लागलं, आणि ऑक्टोबरमध्ये नियम सैल झाले. सभा नसली म्हणून काय झालं? मेलला उत्तर द्या, कस्टमर केअरला लिहा. आमच्या जिल्ह्यातलं कोणतंही शेंबडं पोर सांगेल, गप्प बसणाऱ्या सभासदाची साखर आधी कापतात.

आणि पाचवं, साठवू नका. आज रात्री जेवण झालं की खातं उघडून बघा किती पॉइंट्स पडलेत आणि कधी संपतायत. युरोप होत नसेल तर कोची होऊ द्या, बिझनेस क्लास नसेल तर मागची खिडकी. फक्त ज्यांच्यासाठी साठवताय, त्यांना याच वर्षी घेऊन जा. दिवाळीची साखर दिवाळीलाच खायची असते मंडळी, पुढच्या वर्षासाठी ठेवली की मुंग्या लागतात.