क्षणभंगुर कणाची साक्ष

(द्वितीय वर्ष, कला)

‘विज्ञान हा आपला प्रांत नव्हे’, असे म्हणून कलाशाखेचा विद्यार्थी मोकळा होतो. मला हे पटत नाही. पुरावा कशाला म्हणावे, हा प्रश्न इतिहासाचा आहे, न्यायाचा आहे आणि रोजच्या जगण्याचाही आहे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत तो किती कसोशीने सोडवतात, हे म्हणूनच आपण समजून घ्यायला हवे.

तेथे जमिनीखालच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनांच्या टकरी घडवतात. त्यांतून क्वचित हिग्ज कण जन्मतो. सेकंदाचे अब्ज भाग करावेत, त्यांतल्या एकाचे पुन्हा अब्ज. सिद्धान्तानुसार त्यातल्या एका भागाचा हजारावा हिस्साही तो टिकत नाही. यंत्राला दिसतात ती केवळ त्याची अपत्ये. कधी तो दोन प्रकाशकणांत मोडतो. त्यांची ऊर्जा आणि त्यांच्यामधला कोन मोजून जनकाचे वस्तुमान गणिताने काढतात. परंतु अशा जोड्या इतर कारणांनीही भरमसाट निर्माण होतात. म्हणून एका जोडीने काहीच सिद्ध होत नाही. असंख्य जोड्यांच्या आलेखात एका जागी उंचवटा दिसला, तर फक्त संशय घ्यायचा. निव्वळ योगायोगाने तो येण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली आली, तरच ‘शोध’ म्हणायचे. ४ जुलै २०१२ रोजी ‘अ‍ॅटलास’ आणि ‘सीएमएस’ या दोन स्वतंत्र गटांनी तसे म्हटले. कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट भरले. सीएमएस गटात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

मला याहून मोलाची वाटते ती पुढची हकिकत. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही गटांना याच्या सहापट वस्तुमानापाशी नवा उंचवटा दिसला. त्यावर जगभर शेकडो निबंध लिहिले गेले. गटांनी मात्र शोधाचा दावा न करता आणखी टकरींची वाट पाहिली. ऑगस्ट २०१६ मध्ये तो उंचवटा विरून गेल्याचे त्यांनीच जाहीर केले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडीलधाऱ्यांनी सांगितले की खरे, छापून आले की खरे, हे ऐकत मी वाढलो. इथेही गाइडातली वाक्ये उतरवली की गुण पदरात पडतात. मग आपण शिकलो ते काय? ३५ लाखांची कसोटी आपल्याला रोज लावता येणार नाही, हे खरे. पण ‘याला दुसरे कारण असेल का?’ आणि ‘आणखी कुणी स्वतंत्रपणे तपासले का?’ एवढे तरी विचारता येईल. गावात कुणावर चोरीचा आळ येतो, तेव्हा हे दोन प्रश्न विचारणारा एक जरी पदवीधर तिथे उभा राहिला, तरी त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे मी म्हणेन.