वाइनला आजोबा कशाला हवेत?

बीदरच्या महमूद गवान मदरशासमोर उभे असताना आमच्या गाडीतला एक मित्र म्हणाला, "काय झकास लेबल होईल रे हे!" मित्र वाइनच्या धंद्यातला. त्याला ताजमहाल दाखवला तरी बाटलीच दिसेल. इराणहून आलेला वजीर, निळ्या फरशांची नक्षी, बहामनी दरबार, शिराझची सुरई... 'पाचशे वर्षांची दख्खनी वाइन परंपरा' हे वाक्यसुद्धा त्याने तिथल्या तिथे जुळवून टाकले.

आधी मला हसू आले, मग राग.

गवानचा मद्याशी संबंध नाही असे नव्हे. १४८१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या शत्रूंनी एक बनावट पत्र तिसऱ्या मुहम्मदशहापुढे ठेवले. सुलतान नशेत होता. त्याने शहानिशा न करता या म्हाताऱ्या वजिराचे डोके उडवायला लावले. शुद्धीवर आल्यावर पस्तावला, वर्षभरात स्वतःही मेला, आणि बहामनी राज्याची शकले व्हायला लागली. १४७२ मध्ये आपला गोवा विजयनगरकडून जिंकला तो याच गवानने. छापायची आहे का ही परंपरा लेबलवर? आणि ते शिराझ! बाटलीतले 'शिराझ' द्राक्ष इराणचे नाहीच, ते फ्रान्सचे. नव्वदच्या दशकाअखेरीस डीएनए तपासून हा वाद मिटला आहे.

भारतीय वाइनचे खरे वय काय? नारायणगावला चौगुल्यांनी शॅम्पेनच्या धर्तीवर फेसाळ वाइन काढली ती १९८० च्या दशकात. नंदी हिल्सच्या पायथ्याचे ग्रोव्हर १९८८ चे. नाशिकच्या सुलाची पहिली बाटली २००० ची. महाराष्ट्राचे वाइन धोरण २००१ चे, कर्नाटकाचे २००७ चे. म्हणजे सगळा प्रकार चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा. पोर्तुगालमध्ये डोउरू खोऱ्याच्या सीमा पोंबालने १७५६ मध्ये आखून दिल्या, त्यापुढे हे पोर रांगते आहे. मग रांगू दे ना! लाज कसली?

सांगण्यासारखे या पोराजवळ पुष्कळ आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. दख्खनमध्ये त्याला थंडी झोपवत नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो, उन्हाळ्यात काडी तयार करून घेतो आणि पावसाळा सरता सरता छाटून फळ धरतो. तिकडे सप्टेंबरमध्ये तोडणी, तर इकडे जानेवारी ते मार्च. हे कुठल्या फ्रेंच पुस्तकातून उतरवलेले नाही, सांगली-सोलापूर-विजापूर-नाशिकच्या बागांत चुकत चुकत शिकलेले आहे. पण लेबलवर छाटणीची कात्री कोण छापणार? तिथे सुलतान हवा.

मला खरी चीड आहे ती याच्या पुढच्या गोष्टीची. या मुलखात लोक पीत काय होते? १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बीदरात राहून गेला. इथे नारळापासून मद्य करतात, ताडीची दारू करतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे याच बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, हेंडद मारय्या नावाचा शरण होता. हेंड म्हणजे ताडी. ताडी विकणारा माणूस अनुभवमंटपात बसला आणि त्याची वचने कन्नडने आठशे वर्षे जपली. परंपराच हवी असेल तर ही घ्या की! पण ही चालत नाही. तिला शिंदीचा वास येतो.

कर्नाटकाने २००७ मध्ये द्राक्षप्रक्रिया आणि वाइनचे धोरण आणले, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून सरकारी ठेक्यांवरची साराई बंद केली. साराईने संसार बुडवले हे खरेच, तिच्याविरुद्ध उठलेल्या बायकांशी मी वाद घालणार नाही. पण एकाच वर्षी गरिबाचा पेला 'व्यसन' आणि श्रीमंताचा 'कृषिप्रक्रिया' ठरला, हे तरी बघाल की नाही? महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे आपण ऐकलेच. गदारोळात तो निर्णय अडकला, वाक्य मात्र रुजले.

गोवेकरांनी हसू नये. आपली लाडकी 'पोर्ट वाइन' तरी काय आहे? नाव पोर्तुगालचे, द्राक्षे घाटावरची, बहुतेक बंगळूर ब्ल्यू, गोडी साखरेची. ती नाताळच्या टेबलावर. आणि फेणी, जी खरोखर आपली, ती कायद्याच्या लेखी कित्येक वर्षे 'देशी दारू'. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये फेणीला वारसा पेयाचा मान मिळाला. पण २००९ च्या नोंदीत माडाची फेणी नाही. निकितिनने जिच्या जातकुळीचे मद्य साडेपाचशे वर्षांपूर्वी वहीत टिपले, ती बाहेरच राहिली. आणि सूर काढणारा रेंदेर? आपल्यापैकी किती जणांनी गेल्या पाच वर्षांत एखादा माडावर चढताना पाहिला?

मित्राने मदरशाचे चाळीसेक फोटो काढले. परतीच्या वाटेवर मी म्हटले, बसवकल्याणला थोडे थांबू या.

"तिथे काय आहे?" तो म्हणाला, आणि काच वर केली.