अधूनमधून तुटणारा संपर्क

आपल्या समाजातील काही घरांतून अलीकडे एक लहानसा सर्व्हर अहोरात्र चालू असतो. आजोबांची पत्रे, मोडी कागदांची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या असा कुटुंबाचा ठेवा त्यावर साठविलेला असतो आणि बडोद्याच्या घरातील हा ठेवा परगावची नातवंडे आपापल्या ठिकाणी बसून पाहू शकतात. मात्र ऐन वेळी संपर्क तुटतो, दोन मिनिटांनी आपोआप जुळतो व पुन्हा तुटतो, ही तक्रार नेहमीचीच आहे.

कायमचे बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्यामानाने सोपे. वैद्याच्या दारी पोहोचताच ताप उतरावा, तशी या अधूनमधूनच्या बिघाडाची रीत असते. म्हणून प्रथम एक वही करावी. संपर्क कधी तुटला, किती वेळ तुटला आणि त्या वेळी घरात काय चालू होते, हे तीत टिपावे. चार दिवसांच्या नोंदींतून पुष्कळदा कारण स्वतःच डोके वर काढते.

त्यानंतर दोषाची जागा ठरवावी. सर्व्हरवरून राउटरला आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्याला एकाच वेळी सतत ‘पिंग’ करीत राहावे. राउटर उत्तर देतो, पण बाहेरचा पत्ता देत नाही, असे दिसल्यास दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे समजावा. दोन्ही गप्प झाल्यास सर्व्हर व राउटर यांच्यामधला मार्ग तपासावा.

सर्व्हर वाय-फायवर असेल, तर स्वयंपाकघराकडे पाहावे. मायक्रोवेव्ह भट्टी सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि वाय-फायचा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचाच आहे. या पट्ट्यात १, ६ व ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेले निवडावे. वाय-फायची वीजबचतीची सोय बंद करावी. जवळ ठेवलेली यूएसबी ३ डिस्कही या पट्ट्यात व्यत्यय आणते. सर्वांत चांगले म्हणजे सर्व्हर केबलने जोडावा. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. वेग अकारण १०० वर उतरत असेल, तर प्लग किंवा केबल सदोष असण्याचा संभव मोठा. ती बदलून पाहावी.

पाहुणे आले की संपर्क तुटतो, असे वहीत आढळल्यास पत्त्याचा घोटाळा असू शकतो. राउटर प्रत्येक उपकरणाला ठराविक मुदतीसाठी पत्ता देतो. सर्व्हरला हाताने दिलेला पत्ता त्याच संचातला असेल, तर तोच एखाद्या पाहुण्याच्या फोनलाही मिळण्याची शक्यता असते. राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवल्यास हा प्रश्न मिटतो.

शेवटी वीजपुरवठा. रास्पबेरी पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. घरात पडलेला मोबाइलचा जुना चार्जर डिस्क फिरू लागताच कमी पडतो. व्होल्टेज सुमारे ४.६ च्या खाली गेले, की हे यंत्र तशी सूचना आपल्या नोंदवहीत लिहिते. ती सूचना दिसल्यास दुर्लक्ष करू नये. कारण अशा वेळी लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस वाट पाहावी. एकदम चार उपाय केल्यास कोणता लागू पडला, ते कळत नाही व बिघाड परतल्यावर सारा शोध पुन्हा मुळापासून करावा लागतो. मात्र या सर्व खटपटीस हात घालण्यापूर्वी संपूर्ण ठेव्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती वेगळ्या घरी, एखाद्या नातलगाकडे ठेवावी. तुटलेला संपर्क आज ना उद्या जुळेल. आजीचा आवाज एकदा पुसला गेला, तर तो पुन्हा ध्वनिमुद्रित करता येणार नाही.